हरणाऱ्या टीमचे आम्ही

15 जानेवारी 2018 ला पिट्सबर्ग पायरेट्स या आमच्या बेसबॉल टीमने अँड्र्यू मॅकचनला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवलं. दोनच दिवस आधी गेरिट कोल ह्यूस्टनला गेला होता. कोल गेला तेव्हा वाईट वाटलं, पण ते आम्ही सगळ्यांनीच धरलेलं होतं. एवढा मोठा पिचर (चेंडू फेकणारा), दोन हंगामांनी करारातून मोकळा होणार, म्हणजे जाणारच. मॅकचनचं तसं नव्हतं. त्याला गावात कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, तो सगळ्यांचा 'कच'. फ्लोरिडातल्या फोर्ट मीड नावाच्या छोट्या गावातून 2005 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, आलेला, 2009 च्या जूनमध्ये पहिल्यांदा मोठ्या मैदानात उतरलेला, 2013 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. सलग 20 हंगाम हरलेल्या या शहराला ज्याच्यामुळे पुन्हा मान वर करता आली, तो हा. त्या आठवड्यात एका चाहत्याने ऑनलाइन अर्ज सुरू केला आणि बघता बघता त्यावर 60,000 हून जास्त सह्या झाल्या. मागणी एकच होती, मालक बॉब नटिंग यांना टीम विकायला लावा. त्यात माझीही सही आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. बेसबॉलशी ज्यांचा कधी संबंध येत नाही असे लोकसुद्धा टेबलापाशी येऊन थांबत होते आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून पुढे जात होते. त्या दिवसापासून मला स्वतःला नीट सांगता यावं असं वाटत आलंय की मी नेमका कुणाचा चाहता आहे. खेळाडू विकले जातात. मॅनेजर बदलतात. मालकाबद्दल मला काडीचं प्रेम नाही. आणि तरीही एप्रिल उजाडला की मी त्याच टीमचा असतो. हे काय आहे, ते मला सुटं करून बघायचं आहे.

मी 2004 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात शिकायला आलो. राहायचो ओकलंडला, म्हणजे कॅलिफोर्नियातलं नव्हे, पिट्सबर्गमधलीच ती विद्यापीठाची वस्ती. पायरेट्सचं जुनं फोर्ब्स फील्ड मैदान याच वस्तीत होतं. 1909 ते 1970 इथे सामने झाले, मग मैदान पाडलं, पण विटांच्या कुंपणाचा एक तुकडा वेली चढलेला अजून उभा आहे. त्या मैदानाची शेवटची होम प्लेट, म्हणजे बॅटरसमोरची फळी जिथे पोचलं की धाव होते, विद्यापीठाच्या पॉझवार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली आहे आणि आम्ही वर्गाला जाताना तिच्यावरून चालत जायचो. पहिले काही महिने मला ती कसली फळी आहे हे माहीतही नव्हतं.

नवं मैदान, पीएनसी पार्क, 2001 मध्ये ॲलेगेनी नदीच्या काठावर उभं राहिलं. तिथलं साधं तिकीट तेव्हा विद्यार्थ्याच्या खिशाला परवडायचं, कारण टीम हरत होती आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. सामन्याच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि माणसं त्या पिवळ्या पुलावरून चालत नदी ओलांडतात. आत गेल्यावर समोर नदी, नदीपलीकडे उंच इमारती, आणि उजवीकडची भिंत बरोबर 21 फूट उंच, क्लेमेंटेचा नंबर 21 होता म्हणून. क्लेमेंटे पोर्तो रिकोचा. 18 हंगाम खेळला, सगळे याच टीमकडून. बरोबर 3,000 हिट्सवर असताना, 31 डिसेंबर 1972 ला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. पिट्सबर्गमध्ये त्याचं नाव घेताना आवाज बदलतो, हे मी तरुण पोरांमध्येही पाहिलं आहे, ज्यांच्या आईवडिलांनीही त्याला खेळताना पाहिलं नसेल.

मी मूळचा कोल्हापूरचा, आणि या गोष्टीचा मला फार उपयोग झाला. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा असतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा यांचे सामने असले की गाव दोन भागांत वाटलं जातं. तिथे कुणी टीम निवडत नाही. ज्या गल्लीत पाळणा हलला ती टीम, मग ती तीन गोलांनी हरो की पाच. हरल्यावर घरी येऊन वडील जेवत नसत, पण दुसऱ्या तालमीचं नाव त्यांच्या तोंडून कौतुकाने आलेलं मला आठवत नाही. परक्या शहरात आलेल्या माणसाला अशी गल्ली नसते. त्याला ती ठरवून घ्यावी लागते. माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांनी अमेरिकन फुटबॉलचे स्टीलर्स किंवा आइस हॉकीचे पेंग्विन्स घेतले, आणि त्यांचं बरोबरच होतं. 2009 च्या फेब्रुवारीत स्टीलर्स सुपर बोल जिंकले, जूनमध्ये पेंग्विन्सनी स्टॅन्ली कप आणला. त्याच वर्षी पायरेट्सचा सलग सतरावा हंगाम हरण्यात गेला आणि फिलाडेल्फियाचा 1933 ते 1948 चा 16 हंगामांचा विक्रम मोडला. तिन्ही टीमचा रंग एकच, काळा आणि सोनेरी. गणपतीत भेटल्यावर लोक विचारायचे, "अहो, त्यांचंच का?" मला उत्तर देता यायचं नाही. बाकी दोघांना माझी गरज नव्हती, एवढंच जाणवायचं.

मी आलो त्या वर्षी जेसन बे रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवोदित, झाला, पायरेट्सच्या इतिहासातला पहिला. कॅनडाचा, अबोल, नजर खाली ठेवून होम रन मारणारा. माझा पहिला आवडता तो. 31 जुलै 2008 ला तो बॉस्टनला गेला. बेसबॉलमध्ये साधारण जुलैची अखेर हा ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, शेवटचा दिवस असतो, आणि हरणाऱ्या टीमच्या चाहत्याला हा दिवस पितृपक्षासारखा येतो.

भारतात क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. सचिन आमचा होता म्हणजे होता, त्याला कुणी दुसऱ्या देशाला देऊन टाकेल हा विचार मनात येण्याचं कारणच नव्हतं. आयपीएलच्या लिलावांनी आता आपल्यालाही थोडी सवय झाली आहे, पण अमेरिकन बेसबॉलचा हिशेब वेगळा आणि जास्त कठोर आहे. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा हंगाम तो त्या टीमच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, पुढची तीन लवादातून ठरेल त्या पगारावर. सहा वर्षं झाली की तो मोकळा, मग बाजारभावाने कुठेही जाऊ शकतो. टीमने एकूण पगारावर किती खर्च करावा याला बेसबॉलमध्ये कडक कमाल मर्यादा नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पगाराचा आकडा पायरेट्सच्या तिपटीहून जास्त असतो. मग लहान शहरातली टीम काय करते? खेळाडू फुलायला लागला, चौथं-पाचवं वर्ष आलं, की त्याला मोठ्या टीमला देते आणि बदल्यात विशी-बाविशीची तीन-चार पोरं घेते. त्या पोरांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. ती फुलली तर चार वर्षांनी पुन्हा हेच. आमच्यासारखे चाहते वर्तमानात जगतच नाहीत, कायम पुढच्या चार वर्षांवर नजर लावून बसलेले असतात. अल्टूनामधल्या, इंडियानापोलिसमधल्या, म्हणजे आमच्या खालच्या (मायनर लीगच्या) टीममधल्या पोरांची नावं मला पाठ असतात आणि पहिल्या बेसवर आज कोण उभा आहे ते कधीकधी आठवत नाही.

अरामिस रामिरेझ 2003 मध्ये शिकागोला गेला आणि तिथे मोठा झाला. 2008 मध्ये होसे बतिस्ताला टोरांटोला दिलं, त्याने 2010 मध्ये 54 होम रन मारले. फ्रेडी सँचेझ 2006 चा बॅटिंग चॅम्पियन. त्याला आणि जॅक विल्सनला 2009 च्या जुलैत एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या शहरांत पाठवलं. 2018 मध्ये क्रिस आर्चर नावाच्या एका पिचरसाठी टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे दिले, ते अजून कुणी विसरलेलं नाही. यादी आणखी वाढवता येईल, पण पिट्सबर्गचा माणूस वाचत असेल तर त्याला त्रास नको.

मात्र या सगळ्याच्या मुळाशी एक रात्र आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 14 ऑक्टोबर 1992, अटलांटा. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगपर्यंत पायरेट्स 2-0 ने पुढे. मग एक चूक, एक वॉक (बॅटरला फुकट मिळालेला बेस), बेस भरलेले, 2-1, दोन बाद. अटलांटाने बॅटिंगला पाठवला फ्रान्सिस्को काब्रेरा, जो त्या हंगामात फारसा खेळलाच नव्हता. त्याने डावीकडे चेंडू मारला. एक जण आरामात होम प्लेटवर पोचला, बरोबरी झाली. मागून सिड ब्रीम धावत होता, गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांनी जेरीला आलेला, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सचाच. डावीकडून चेंडू फेकला पायरेट्सच्या बॅरी बाँड्सने. ब्रीम घसरत आला, कॅचर लाव्हालिएर झेपावला, आणि पंचाने दोन्ही हात पसरले. सेफ. सामना गेला. त्या हिवाळ्यात बाँड्स सुमारे 4 कोटी 37 लाख डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथून 20 वर्षं. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढा लांब पडता काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही.

मी हे काही पाहिलेलं नाही. तेव्हा मी कोल्हापुरात होतो आणि बेसबॉल हा शब्दही नीट माहीत नव्हता. पण सिड ब्रीमची ती घसरण मला इतक्या लोकांनी हाताने, काट्याने, मिठाच्या बाटल्या मांडून दाखवली आहे की ती आता माझीही झाली आहे. माणूस एखाद्या गावाचा कधी होतो, याचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे. त्या गावाची जुनी दुःखं त्याला तपशिलासकट सांगता आली पाहिजेत.

मधल्या काळात एक गोष्ट अशी घडली की घरचे फोन करून पायरेट्सबद्दल विचारू लागले. 2008 च्या नोव्हेंबरात टीमने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. भारतात वेगाने आणि अचूक चेंडू फेकण्याची स्पर्धा घेऊन शोधलेली ही पोरं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलशी करार करणारे ते पहिले भारतीय. ज्यांनी कधी ग्लोव्ह हातात घातला नव्हता त्यांना फ्लोरिडात आणून पिचिंग शिकवणं हे धाडसच होतं, आणि मला अजूनही वाटतं की असं धाडस हरणारीच टीम करते. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. पटेल 2010 मध्ये परतला, रिंकू दुखापतींशी झगडत 2016 पर्यंत टिकला. त्या काळात मी मायनर लीगचे निकाल शोधून शोधून वाचायचो.

2011 मध्ये जुलैपर्यंत पायरेट्स गटात आघाडीवर होते. मग अटलांटातच एक सामना 19 इनिंग चालला आणि होम प्लेटवरच्या एका चुकीच्या निर्णयाने गेला. दुसऱ्या दिवशी लीगनेही निर्णय चुकल्यासारखं दिसतं असं मान्य केलं. त्यानंतर टीम कोसळली ती कोसळलीच. 2012 मध्ये ऑगस्टात विजय पराभवांपेक्षा 16 ने जास्त होते, आणि शेवट झाला 79-83 वर. त्या सप्टेंबरमध्ये मी रोज रात्री रेडिओ लावून बसायचो. बेसबॉलचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण याच शहरातून झालं, 5 ऑगस्ट 1921 ला, केडीकेए स्टेशनवरून, फोर्ब्स फील्डवरून. तेव्हा पायरेट्स जिंकले की हरले ते माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं. जिंकले होते.

आणि मग 2013.

1 ऑक्टोबर 2013, मंगळवारची संध्याकाळ, वाइल्ड कार्डचा एकच सामना, सिनसिनाटी रेड्सविरुद्ध. जो जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. 1992 नंतर पिट्सबर्गमध्ये बाद फेरीचा पहिला सामना. सगळ्यांनी काळे कपडे घालून यायचं ठरलं होतं. पुलावरून जाताना माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ चालत होते, त्यांच्या अंगावर 1979 च्या टीमचं विटलेलं जाकीट होतं, आणि दर दहा पावलांवर कुणी ना कुणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे जात होतं. ओळख असण्याची गरज नव्हती. 40,487 माणसं होती त्या रात्री, तोवरच्या या मैदानातली सर्वांत मोठी गर्दी, आणि जागा न मिळालेले लोक बाहेर पुलावर उभे होते.

सिनसिनाटीचा पिचर होता जॉनी क्वेटो. दुसऱ्या इनिंगमध्ये मार्लन बर्डने होम रन मारला. बर्ड ऑगस्टच्या शेवटी ट्रेडमधूनच आला होता (तेव्हा जुलैनंतरही काही ट्रेड करता यायचे), आणि पायरेट्स इतक्या वर्षांनी घेणाऱ्यांच्या बाजूला होते हेच मुळात नवल होतं. मग कुठल्या तरी कोपऱ्यातून आवाज सुरू झाला, क्वे-टो, क्वे-टो. लांबवून, गाण्यासारखा. एका मिनिटात 40,000 माणसं तेच म्हणू लागली. मी भजनात, मिरवणुकीत, शाहू स्टेडियमवर आवाज ऐकलेत, पण असा सुरात आलेला आवाज नाही. 20 वर्षांचं साठलेलं त्यात होतं. क्वेटो टेकडीवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, उभा होता, हातात चेंडू घोळवत होता, आणि चेंडू त्याच्या हातातून निसटून खाली पडला. साधा निसटला, घरंगळत गेला. मैदान जे ओरडलं ते मला अजून छातीत जाणवतं. त्याने चेंडू उचलला, पुढचा टाकला, आणि रसेल मार्टिनने तो डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत पोचवला. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि ती रडत होती. मीही. 6-2 ने जिंकलो.

पुढची मालिका सेंट लुईसशी पाच सामन्यांपर्यंत नेऊन हरलो. 2014 मध्ये वाइल्ड कार्डला सॅन फ्रान्सिस्कोने 8-0 ने धुतलं. 2015 मध्ये 98 सामने जिंकूनही एका रात्रीत शिकागोकडून 4-0. त्यानंतर उतरंड लागली, आणि 2018 च्या जानेवारीत त्या उतरंडीला अधिकृत शिक्का बसला.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे, कारण निष्ठेबद्दल लिहिताना लोक ती विसरतात. टीमवर प्रेम करणं म्हणजे मालकाला माफ करणं नाही. लहान शहर, कमी उत्पन्न, हे सगळं खरं आहे. पण मिलवॉकी आणि टॅम्पा बेसुद्धा लहानच आहेत, आणि ते जिंकत आले आहेत. 2025 च्या वसंतात उजव्या भिंतीवरचं क्लेमेंटेचं 21 चं चिन्ह काढून तिथे जाहिरात लावली गेली. क्लेमेंटे कुटुंबाने आणि गावाने आवाज उठवला तेव्हा ते परत आलं. त्याच सुमारास, मैदान बांधताना चाहत्यांनी पैसे भरून आपल्या माणसांच्या नावाने बसवलेल्या विटा काढून टाकल्याचं आणि त्या भंगारात पडल्याचं बाहेर आलं. घरच्या पहिल्या सामन्याला आकाशात विमान फिरलं, मागे फलक, टीम विका. काही लोक म्हणतात, एवढा राग आहे तर बघणं सोडा. मला हे कधीच पटलेलं नाही. ज्याला काही वाटत नाही तो विमान भाड्याने घेत नाही. भिंतीवरचा 21 मालकाने नाही वाचवला, रागावलेल्या लोकांनी वाचवला.

फोर्ब्स फील्डच्या त्या उरलेल्या कुंपणापाशी दर वर्षी 13 ऑक्टोबरला माणसं जमतात. 1960 मध्ये याच तारखेला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, सातव्या सामन्यात बिल मॅझरॉस्कीने नवव्या इनिंगमध्ये होम रन मारून न्यूयॉर्क यांकीजना 10-9 ने हरवलं. मालिकेत यांकीजनी 55 धावा केल्या होत्या, पायरेट्सनी 27, आणि तरी मालिका पायरेट्सची. 1985 मध्ये एक माणूस एकटाच तिथे टेपरेकॉर्डर घेऊन बसला आणि त्याने त्या सामन्याचं रेडिओ प्रक्षेपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. पुढे लोक येत गेले. आता शेकडो येतात. घडीच्या खुर्च्या, थर्मास, सँडविच. टेप लावली जाते, आणि दुपारी 3 वाजून 36 मिनिटांनी, मूळ क्षणीच, चेंडू भिंतीपलीकडे जातो. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की नवव्या इनिंगला यांकीजनी बरोबरी साधायच्या आधी लोक खरंच अस्वस्थ होतात. निकाल माहीत असून. नोकरीत असताना मी दुपारची सुट्टी काढून जायचो, आता मुलीलाही शाळेतून नेतो. तिच्या शिक्षिकेने कारण विचारलं नाही, त्या स्वतः आधीच्या वर्षी तिथे दिसल्या होत्या.

त्या भिंतीपाशी उभं राहिलं की मला माझ्या प्रश्नाचं उत्तर जवळ आलेलं दिसतं. इथे ना मालक असतो, ना तिकीट. टीम नावाची जी गोष्ट आहे ती या लोकांनी सांभाळली आहे. मालकाच्या ताब्यात आहे ते लायसन्स, मैदानाचा करार, खेळाडूंचे कागद. आठवण त्याच्या ताब्यात कधी नव्हती.

आणि गेलेले खेळाडू? मे 2018 मध्ये कच जायंट्सच्या कपड्यांत पहिल्यांदा पीएनसी पार्कला परतला. बॅटिंगला आला तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं आणि बसेचना. त्याने हेल्मेट काढलं, चारी बाजूंना वळला, छातीवर हात ठेवला. मग तो यांकीजकडे गेला, फिलाडेल्फियाकडे, मिलवॉकीकडे. त्या सगळ्या वर्षांत मी रोज सकाळी दोन आकडे बघायचो, पायरेट्सचा निकाल आणि कचचा दिवस कसा गेला. 2023 च्या जानेवारीत तो परत आला, 50 लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर. एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला पुन्हा तेच, लोक उभे. जूनमध्ये त्याने आपली 2,000 वी हिट घरच्याच मैदानावर मारली.

त्या टीममध्ये डाव्या बाजूला ब्रायन रेनॉल्ड्स उभा असायचा. 2018 मध्ये कचच्या बदल्यात आलेल्या दोघांतला एक तो. तेव्हा त्याचं नावही मला ऐकायचं नव्हतं. शांत पोरगा, दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा, कधी एक शब्द जास्त बोललेला नाही. 2022 च्या डिसेंबरात त्याने स्वतःच ट्रेड मागितला होता. मग 2023 च्या एप्रिलमध्ये त्याने 8 वर्षांचा करार केला, 10 कोटी 67 लाख 50 हजार डॉलरचा, तोवरचा टीमच्या इतिहासातला सर्वांत मोठा. ज्याला देऊन टाकलं तो आणि ज्याला बदल्यात घेतलं तो, दोघे एकाच टीममधून एकाच वेळी खेळताना मी पाहिले. एका संध्याकाळी दोघांनी लागोपाठ हिट मारल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, मग तो ट्रेड चांगला की वाईट?" मी तिला म्हटलं, दोन्ही, आणि ती त्या उत्तरावर अजिबात समाधानी नव्हती.

2025 चा हंगाम पुन्हा 71-91. जुलैअखेर के'ब्रायन हेज सिनसिनाटीला गेला, ज्याच्याशी 2022 मध्येच 8 वर्षांचा करार झाला होता आणि ज्याला आम्ही कायमचा समजून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी डेव्हिड बेडनार यांकीजकडे. बेडनार इथलाच, शहराच्या उत्तरेला असलेल्या मार्स गावचा. लहानपणी याच मैदानात प्रेक्षकांत बसलेला पोरगा पुढे नवव्या इनिंगला चेंडू हातात घेऊन येतो, यापेक्षा चांगली गोष्ट कुठली असते? त्याला सॅन दिएगोकडून आणलंही ट्रेडनेच होतं. ट्रेडने घरी आला आणि ट्रेडनेच गेला.

आणि पॉल स्कीन्स. 2023 च्या ड्राफ्टमधला पहिला, 2024 चा रूकी ऑफ द इयर, 2025 मध्ये एकमताने साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा मानकरी. त्या हंगामातली त्याची धावसरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) 1.97 आणि विजय-पराभव 10-10. बेसबॉल कळणाऱ्या माणसाला या दोन आकड्यांत आमची सगळी कहाणी दिसेल. एवढा पिचर क्वचित जन्माला येतो, आणि आमच्या बॅटर्सना त्याच्यासाठी तीन धावा करता येत नाहीत. तो टेकडीवर आला की मैदान भरतं. सहाव्या इनिंगला 1-0 ने मागे असतानाही लोक त्याच्या प्रत्येक स्ट्राइकला उभे राहतात. मोठ्या शहरांतली माणसं आत्तापासूनच तो आपल्याकडे कधी येणार याचे हिशेब मांडतात, टीव्हीवर, आमच्या देखत.

या वर्षी मुलीने वाढदिवसाला त्याची 30 नंबरची जर्सी मागितली.

"देणार का गं त्यालाही?" माझी बायको पोळ्या लाटताना मला न विचारता तिलाच विचारत होती.

"आई, तो 2029 पर्यंत आपला आहे," ती म्हणाली. सहा वर्षांचा हिशेब तिला मी शिकवलेला नाही, तिचा तिनेच वाचला होता. "आणि दिला तरी तो परत येईल ना खेळायला, दुसऱ्यांकडून. तेव्हा मी हीच घालून जाणार."

दुकानात तिच्या मापाची होती. मी दोन माप मोठी घेतली, 2029 पर्यंत अंगाला येईल अशी.